चंपीला परत नेलं तो दिवस

मैंदर्गीहून माझ्या सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा, अक्का, तुम्ही ओट्यावर उभ्या होता आणि शेजारची गंगव्वा मला कानडीत म्हणाली, "होगि बर्रि." जाऊन या. मी मान हलवली. जाऊन कसली येणार होते? धाकटी जाऊ म्हणून माझ्या वाटणीला आलेल्या दोन खोल्या तुमच्या धाकट्या मुलाला संसार मांडायला देऊन निघाले होते. हे गेले, मी शाळेतून रिटायर झाले, आणि न्हाणीत पाय घसरून पडल्यापासून पुण्याहून लेकीचा रोज फोन, "आई, निदान दवाखाना जवळ असेल तिथं तरी राहा." पुणं मला मानवलं नसतं. म्हणून सोलापूर. दुसरा मजला, लिफ्ट, पांढऱ्या फरशा.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायकांना पुढचं सांगायला नको. मैंदर्गीत बूड टेकायला वेळ नव्हता. इथं वेळच वेळ, तर बूड टेकेना. चहा गाळायचा आणि ओट्यावरच विसरायचा. गॅलरीत जायचं, कशाला आलो ते आठवेना म्हणून परत आत. बेल वाजली नसली तरी दार उघडून बघायचं. दर गुरुवारी अक्कलकोटची एस.टी. पकडून मी तुमच्याकडं यायची आणि तुम्ही विचारायच्या, "आज काय इसरलीस गं?" कधी चटणीचा डबा सांगायची, कधी चष्म्याचं घर. खरं तर काही विसरलेलं नसायचं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, विद्या, आता जनावरांची डॉक्टर आहे. शहराबाहेर सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक निवारा आहे, तिथं ती जाते. अंथरायला जुनी लुगडी, चादरी लागतात म्हणाली, म्हणून मी गाठोडं घेऊन गेले. पिल्लं अंगावर उड्या मारत होती. एक तपकिरी कुत्री मात्र लांब उभी होती. तोंड पांढरं झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला.

"ही चंपी. अकरा-बारा वर्षांची असेल," विद्या म्हणाली. "मालक वारले, घरच्यांनी इथं आणून सोडली. सगळ्यांना पिल्लूच हवं असतं, बाई."

"मी नेते हिला."

"विचार करा. म्हातारं कुत्रं लई दिवस सोबत करत नाही."

"मला तरी कुठं लई दिवस काढायचेत?" मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मनात पुण्य कमावायचा हिशेब होता. हिला घर मिळेल, ही उपकार मानेल, माझ्या पायाशी बसेल.

चंपी पायाशी बसली नाही. बसलीच नाही. दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत, फरशीवर नखांचा टकटक आवाज. दूध-भाकरी हुंगून सोडायची. दोनदा बैठकीतल्या सतरंजीवर घाण केली. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बोलून गेल्या. लेक फोनवर चिडली, "आई, हे लचांड तुला कुणी सांगितलं होतं?" आठ दिवस आम्ही दोघी एकाच घरात दोन दिशांनी फिरत होतो. नवव्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली आणि तिला परत नेलं.

विद्या तेव्हा नव्हती. कुत्र्यांना खाऊ घालणारे एक म्हातारे काका होते. मी कारणं सांगायला लागले, तर ते शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की बाई. ह्याच्या आदी दोनदा परत आलीया ती. सवय हाय तिला."

विद्यानं हे मला सांगितलंही असेल, मी ऐकलं नव्हतं.

चंपी आपणहून रिक्षातून उतरली. कुंई नाही, ओढाताण नाही. पत्र्याच्या शेडखाली तिची जुनी जागा होती, तिथं जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. माझ्याकडं एकदा वळून बघितलं असतं, तर मी सुखानं घरी गेले असते असं वाटतं.

रिक्षा हमरस्त्याला लागली. चालवणारे चाचा आरशातून बघत होते. "क्या हुवा अम्मा? कुत्ते को तो छोड दिये, फिर रोते कायकू?"

काय सांगणार? मला कुणी टाकलं नव्हतं. लेक चांगली, तुम्ही चांगल्या. पण नव्या जागी रुजायला मी आठ महिने घेतले होते, तरी रुजले नव्हते. आणि तिला मी आठ दिवस दिले होते.

"चाचा, रिक्षा वापस लो."

मला बघून ती उठली नाही. मी गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "चल," म्हणाले. कान हलला, बस्स. ऊन वर आलं. काका दोनदा डोकावून गेले, "बाई, उनाचं किती वेळ बसताव?" मी उठले नाही. शेवटी चंपी उठली, माझ्याकडं न बघता पाण्याच्या भांड्याकडं गेली, पोटभर पाणी प्यायली आणि रिक्षाच्या बाजूला जाऊन थांबली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. टकटक अजून चालते. पण आता ती सुरू झाली की मी चपला घालते आणि दोघी खाली उतरतो. सकाळ-संध्याकाळ फिरतो. ज्या गल्लीचं नाव मला ठाऊक नव्हतं, तिथल्या बायका आता "चंपीची आई" म्हणून हाक मारतात. समोरच्या नरसम्मांच्या घरी पूर्वी माग होते. त्या चंपीशी तेलुगूत बोलतात, मी मराठीत, आणि ती दोघींचंही मनावर घेत नाही. गुरुवारची एस.टी. कधी सुटली ते मला कळलंही नाही.

मागच्या महिन्यात तुमच्या नातवाच्या बारशाला आले होते. चंपीला नरसम्मांकडं ठेवलं होतं. दुपारी त्यांचा फोन आला, सकाळपासून तिनं अन्नाला तोंड लावलेलं नाही. मी पिशवी उचलली.

"इतक्यात कुटं?" तुम्ही म्हणालात. "आजच्या दिवस ऱ्हा की."

"नको अक्का, घरी जायला पाहिजे."

तुम्ही विचारलंत, "आन् मग ह्ये कुनाचं घर हाय गं?"

एस.टी.ची वेळ झाली होती, मी तशीच निघाले. रस्ताभर तुमचा चेहरा डोळ्यासमोर होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता लिहिते. मैंदर्गी माझं गाव आहे, ते मरेपर्यंत बदलायचं नाही. पण तिथं मी गेले नाही तर आता कुणाचं अडत नाही, आणि तसंच असायला हवं. तुमच्या सुनेनं त्या खोल्यांत पाळणा बांधलाय. इथं मला उशीर झाला, तर एक म्हातारा जीव उपाशी राहतो. ती किती दिवसांची सोबती आहे, ते विद्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तोवर तरी माझं घर हेच. राग धरू नका, अक्का. तुम्हीच एकदा या. जिना चढायला नको, लिफ्ट आहे.