भाऊजींची ब्रेडची पेटी

माझ्या धाकट्या दिराइतके हात धुणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि दुसरा होऊ नये. बाकीचे लोक नळ सोडतात आणि हात धुतात. भाऊजी आधी नळ धुतात, मग हात, मग पुन्हा नळ, कारण मधल्या वेळात त्याला हात लागलेला असतो. लग्नाला जाताना त्यांच्या खिशात एक चमचा असतो. तो स्वतः खायला नाही, वाढणाऱ्याला द्यायला. बुंदीची परात घेऊन कोणी समोर आलं की भाऊजी चमचा पुढे करतात आणि म्हणतात, "घे बाप्पा, याच्यानं वाढ. तुह्या हातानं सकाळपासून काय काय केलं, मले मालूम नाही." एकदा महागावला नवरदेवाचा सख्खा मामाच वाढत होता. तो रागाने पुढे निघून गेला. भाऊजी पंगतीतून उपाशी उठले, पण स्वच्छ उठले.

नोकरीत असताना ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. घर माझ्या घराला लागून, मध्ये नुसतं कुंपण. त्यामुळे त्यांनी हातोडी उचलली की मला कळतं, आता भाऊजींच्या डोक्यात काहीतरी शिरलं. ब्रेडची पेटी अशीच शिरली.

आमच्याकडे ब्रेड म्हणजे दुखण्यातलं खाणं. कोणाला ताप आला, कोणाचं ऑपरेशन झालं, तर दुधात बुडवून ब्रेड. दवाखान्यात भेटायला जाताना न्यायचा तो ब्रेडचा पुडा. धडधाकट माणूस ज्वारीची भाकर खातो. भाऊजींनी स्वतः जन्मात ब्रेड तोंडात घातला नाही. पण त्यांची नात सोनू पुसदला होस्टेलात राहून शिकली आणि तिथून चहा-ब्रेडची सवय घेऊन आली. एक स्लाइस हवी, तर वरच्या चार चाचपून मधली काढायची आणि पुड्याचं तोंड उघडं टाकून निघून जायची. मग मुंग्या. मग दुसरं कोणी येऊन त्याच पुड्यात हात घालायचं. हे पाहून भाऊजींच्या घशाखाली घास उतरेना. नातीला ओरडायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी पत्रा कापायला घेतला.

पेटी उभी, पत्र्याची. वरून ब्रेड भरायचा आणि झाकण लावायचं. खाली एक फट, बाजूला दांडी. दांडी ओढली की आतली लाकडी पट्टी सगळ्यात खालची स्लाइस ढकलून बाहेर ताटलीत टाकते. बाकीच्या स्लाइसांना कोणाचं बोट लागत नाही. दांडी सोडली की सायकलच्या ट्यूबचं रबर पट्टीला मागे ओढून घेतं. हे ऐकायला सोपं वाटतं. सुरुवातीला स्लाइस बाहेर यायची ती लाडू होऊन. ते लाडू माझ्या बकरीने खाल्ले, आणि तिला अशी गोडी लागली की कुंपणापलीकडे भाऊजी दिसले की ओरडायची. शेवटी पट्टी तासून तासून पातळ केली तेव्हा स्लाइस सरळ येऊ लागली. मग आत किती ब्रेड उरला ते दिसावं म्हणून भाऊजींनी पुढून काच लावली. काच कुठून आणली, तर माझ्या सासऱ्यांच्या फोटोची.

मी म्हटलं, "भाऊजी, बापाले उघडं टाकून ब्रेडले काच लावली?"

"बाबाले आता मुंग्या लागत नाही, वहिनी," ते म्हणाले. तेव्हापासून सासरे उघड्यावर आहेत. भाऊजी त्यांना रोज पुसतात, हे मात्र खरं.

अशातच सोनूला पाहायला वणीचे पाहुणे आले. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला, माणसं चांगली, आणि सोनूच्या मनातही तो भरला होता. भाऊजींनी सगळ्यांना हात धुवायला लावले, त्यात मुलाची आजी स्वयंपाकघरातल्या मोरीवर गेली. तिथे ओट्यावर काचेआड ब्रेडची चळत उभी. बाहेर येऊन म्हातारीने पोह्यांचा एक घास हाताने खाल्ला. मग बशी बाजूला सरकवली.

"भाऊ, घरात बिमार कोन हाय?"

"कोनी नाही, मावशी."

"मंग पेटी भरून ब्रेड कायले? आमाले सांगून टाका. मंग कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं."

बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भाऊजी पेटी उचलून घेऊन आले आणि समजावू लागले, ही पट्टी, हे रबर. म्हातारीने ऐकून घेतलं नाही. झाकण काढलं, मनगटापर्यंत हात आत घातला आणि ब्रेड वरपासून चाचपून पाहिला, ताजा की शिळा. पोह्यांचा हात तसाच, हळदीसकट. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. पण पंगतीत नवरदेवाच्या मामाला न सोडणारा माणूस हात बांधून उभा राहिला. पोरीवर त्यांचा किती जीव आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मग सोनूच आतून आली. पदर सावरला, दांडी ओढली, स्लाइस ताटलीत पडली. ती तिने पाहुण्यांच्या देखत चहात बुडवून खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. पाहायला आलेल्या लोकांसमोर मुलगी अशी खाताना मी कधी पाहिली नव्हती. तिची आई डोळ्यांनी खुणावत होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

म्हातारी पाहत राहिली. "बिमार मानूस असं नाही खात," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी पुन्हा ओढून घेतली. मग तिने स्वतः एकदा दांडी ओढून पाहिली. "हे पेटी पोरीसंगं येईन ना वो?"

पाहुणे गेल्यावर भाऊजींनी पेटी उकळत्या पाण्याने धुतली. राहिलेला ब्रेड बकरीला दिला.

लग्नानंतर पेटी टेम्पोत फ्रीज आणि आलमारीच्या मधोमध बसून वणीला गेली. सासऱ्यांच्या फोटोला भाऊजींनी नवी काच आणली नाही. पुसायला काही तरी राहू द्या, म्हणाले. ओट्यावरची पेटीची जागाही ते रोज पुसतात. तिथे दुसरं काही ठेवू देत नाहीत.

रबर ते काय टिकणार, थोड्या दिवसांनी सैल पडतं. मग सोनूचा फोन येतो, "आबा, पट्टी मांगं येऊन नाही राह्यली." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत भाऊजींची पिशवी भरलेली असते. स्वच्छ कागदात गुंडाळलेलं नवं रबर, आणि चमचा. एवढ्या लांब एसटीने जातात, दोन दिवस राहतात, येताना पुढच्या वेळेचं माप घेऊन येतात.

परवा असेच वणीहून परतले आणि अंगणातल्या नळावर उभे राहिले. मी कुंपणाजवळ होते.

"भाऊजी, जिनिंगमधल्या इतक्या स्प्रिंगा पडल्या हायेत तुमच्या डब्यात. दर खेपेले रबरच काहून टाकता? एक स्प्रिंग बसवली असती तर जलमभर पाहा लागलं नसतं."

"मालूम हाय," भाऊजी म्हणाले आणि हात धुवू लागले. बराच वेळ धूत राहिले. त्या दिवशी नळ मात्र धुवायचा राहिला.