गेरूच्या फुल्या

ही गोष्ट आजवर मी फक्त माझ्या डायरीला सांगितली होती. पण तुम्ही आता चहा पाजलाच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो. हसू नका म्हणत नाही. हसा, पण जरा हळू. आमचं घर इथून चारच दारं पुढं आहे, आणि या विषयावर मोठ्यानं हसायचा हक्क तिथं एकाच माणसाला आहे. तो माणूस मी नव्हे!

तेव्हा मी गावच्या कमिटीत नवा नवा मेंबर झालो होतो. माझं वह्या-पाट्यांचं दुकान. शाळा चौथीतच सुटली. पुढचं सगळं डायरी लिहून लिहून शिकलो. कोण काय बोललं, विहिरीचं पाणी किती हात उतरलं, कोणाची म्हैस कोणाच्या दारात बांधली, सगळं रोजच्या रोज लिहायचं. त्यामुळं गावातली एकही गोष्ट आपल्या नजरेतून सुटलेली नाही, असा माझा पक्का समज होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भिंत होती. जुन्या सरकारी चौकीची. चौकी कधीच पडली, भिंत तेवढी उरली, दीड पुरुष उंच. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला बाजाराचा रस्ता दिसत नसे आणि बाजाराच्या उतारानं येणाऱ्याला गल्ली दिसत नसे. कापसाच्या गाड्या होत्या तोवर बैल तरी थांबायचे. मग शेगावहून मोटार येऊ लागली. मोटारीला बैलाएवढी समज कुठून असणार?

आमच्या समोर करीमचाचा राहायचे, पिंजारी. एका सकाळी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ते त्या कोपऱ्यावरून बाहेर पडले आणि मोटार अंगावर आली. जीव वाचला, पण एक पाय कायमचा अधू झाला. त्याच कोपऱ्यावरून त्यांची नात हलिमा रोज शाळेत जायची. ती परत येईपर्यंत चाचा ओट्यावर काठी धरून कोपऱ्याकडे बघत बसायचे. ते बघत बसलेले मला दुकानात जाता-येता दिसायचे. मग माझा घास उतरत नसे.

म्हणून मी शब्द देऊन बसलो. "चाचा, हे भिंत मी पाडतो. नाई पाडली त मेंबरकी सोडतो."

चाचा म्हणाले, "मेंबरकी सोडून काय कराल भाऊ? त्यानं का भिंत पडते?"

भिंत सरकारी, म्हणजे सायबाचा हुकूम हवा. मी तीन अर्ज केले. गर्दी किती, गाड्या किती, धोका किती, सगळं डायरीतून उतरवून. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: सायब अमुक दिवशी सकाळी जागेवर येऊन पाहतील.

झालं! त्या दिवसापासून माझी झोप गेली. का? तर आमच्या गावाची रीत. सायब येणार म्हटलं की गाव नवरीसारखं नटतं. रस्त्यावर पाणी मारतात, म्हशी वावरात नेऊन बांधतात, बाजा-खाटा आत जातात, आंब्याची तोरणं लागतात. सायब येतो आणि म्हणतो, वा, इथं तर काहीच तक्रार नाही! मला तर गल्ली आहे तशी दाखवायची होती. गच्च भरलेली, गाडीला गाडी अडलेली.

म्हणून मी ठरवलं, की कोणाला काही सांगायचंच नाही.

इथून माझ्या हुशारीला सुरुवात झाली.

भिंत पाडा म्हटलं की सायब म्हणणार, आधी तुमचे ओटे मागं घ्या. तेव्हा कोणाचा ओटा रस्त्यात किती आला आहे हे मी आधीच मोजून ठेवायचं ठरवलं. कमिटीचा शिपाई सखाराम दोरी धरायचा, मी वहीत लिहायचो. ज्या घराचा ओटा पुढं आलेला, त्या घराच्या दाराशेजारी खूण. चुना मिळाला नाही, घरात गेरू होता. मी गेरूची एकेक ठळक फुली मारत गेलो. पहिली फुली माझ्याच दारावर, बरं का! उगाच पक्षपात नको.

फुली मारताना विचारायचो, "घरात माणसं किती? लहान किती? कोणी बिमार हाय काय?" अर्जाला आकडे नकोत का?

"काऊन विचारून राह्यले, मेंबरभाऊ?" बाया विचारायच्या.

मी बोटं ओठावर ठेवायचो. "दोन दिसानं सायब येऊन राह्यले. तोवर कोणाले काही बोलू नका."

बायांचे चेहरे पडायचे. मला वाटायचं, काय हा माझा दरारा!

त्यात आमच्या नालीत एक उंदीर मरून पडलेला दिसला. सायबाच्या नाकाला वास नको म्हणून मी तो काडीनं उचलला, घासलेट टाकून जाळला आणि राख पुरली. सगळं नाकाला रुमाल बांधून. मान वर केली तर समोरच्या तीन खिडक्या धाडकन बंद झाल्या. डायरीत लिहिलं, "लोक स्वच्छतेची दखल घेऊ लागले आहेत."

आदल्या दिवशी दुपारीच मी डाकबंगल्यावर गेलो. सकाळी सायबाला सोबत घेऊनच यायचं होतं.

सकाळी मोटारीतून आम्ही गल्लीत शिरलो, आणि बघतो तर काय?

गल्ली रिकामी!

गाडी नाही, खाट नाही, म्हैस नाही, माणूस नाही. कोंबडीसुद्धा नाही हो! मोटार या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यातून सुरी जावी तशी गेली. घरांना कुलपं. माझ्याही घराला कुलूप.

सायब सागर जिल्ह्याकडचे, हिंदी बोलणारे. खूष होऊन म्हणाले, "मेंबरसाहब, गली तो बड़ी साफ-सुथरी है! भीड़ कहाँ है?"

मी हात जोडले. "असते हुजूर... रोज असते..."

"और लोग कहाँ गये?"

आमच्याकडं कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजून वावरातल्या देवाला नैवेद्य करतात, तेच तोंडाला आलं. "रोडगे कराले गेले, हुजूर. वावरातल्या देवाले."

सायब नाली बघायला पुढं गेले, तेवढ्यात "मेंबरभाऊ!" अशी हाक आली. करीमचाचा. एकटेच ओट्यावरच्या खांबाआड बसलेले, काठी धरून.

"चाचा, सारे कोठी गेले?"

"कोठी म्हंजे? उतारापलीकडच्या वावरात. झोपड्या बांधून राह्यले. पिलेग आला न?"

"कोण सांगतलं तुमाले?"

चाचांनी काठी माझ्या दाराकडे रोखली. "तुमीच त दारादारावर फुली मारली, भाऊ! मागच्या पिलेगात अशीच गेरूची फुली मारत होते. ज्या घराले फुली, थे घर खाली. माणसं मोजली, बिमार इचारले, उंदीर जाळला. आता अजून काय सांगाचं राह्यलं होतं?"

आणि मला कळलं. मागचा प्लेग आला तेव्हा मी इथं नव्हतो. सुलतानपूरला मामाकडं होतो. या गावात आलो तो लग्नानंतर. त्यामुळं गेरूच्या फुलीचा अर्थ साऱ्या गल्लीला ठाऊक होता, आणि गल्लीतल्या प्रत्येक म्हशीची नोंद असलेल्या माझ्या डायरीत तेवढाच नव्हता. आमची बायको इथलीच. त्या प्लेगात तिचा थोरला भाऊ वावरातल्या अशाच झोपडीत वारला होता. तिच्याच दारावर मी पहिली फुली मारून हसत हसत डाकबंगल्यावर निघून गेलो होतो.

"मंग तुमी काऊन नाई गेले, चाचा?"

"हा पाय घेऊन कोठी जाऊ? हलिमाले तुमच्या घरच्या गाडीत बसवून देल्लं. म्हटलं, पोरगी तरी वाचंल."

सायबाच्या कानावर 'प्लेग' हा शब्द गेला तर? बाजार बंद, मोटार बंद, डॉक्टर, सुया, चौकशी! आणि आवई उठवणारा कोण? तर खुद्द मेंबर!

मोटारीतून आमच्याबरोबर आलेल्या सखारामला मी एका घराआड ओढलं. "पळत जा! साऱ्याईले सांग, बिमारी-गिमारी काही नाई, आत्ताच्या आत्ता वापस या!"

"साऱ्याईले?"

"हाव बाप्पा, साऱ्याईले!"

सखारामनं जन्मात एवढ्या चोखपणे कोणताच हुकूम पाळला नसेल.

इकडं सायबांनी वही काढून लिहायला घेतलं होतं. "दीवार से कोई तकलीफ नहीं दिखती. आपने नाहक अर्जियाँ लिखीं." माझ्या डोळ्यांपुढं चाचांची काठी उभी राहिली. बोलावं तर प्लेग, न बोलावं तर भिंत!

सायब उदार मनाचे. "आइये, मोटर में बैठिये. चौक तक छोड़ देते हैं."

बसलो. ज्या कोपऱ्याबद्दल तीन अर्ज लिहिले, त्याच कोपऱ्याकडे मी मोटारीत बसून निघालो. ड्रायव्हरनं मोटार वळवली आणि रिकामी गल्ली बघून वेग घेतला. भिंत जवळ आली. भिंतीपलीकडून घुंगरांचा आवाज आल्यासारखा वाटला. मी ओरडलो, "थांबव! थांबव बे!"

ड्रायव्हरनं दाबला ब्रेक. मोटार तिरपी झाली, एक दिवा भिंतीवर फुटला, आणि काचेपुढं दोन बैलांची तोंडं! त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. गाडीत आमच्या गाद्या, आमचं जातं, जात्यावर हलिमा, आणि हलिमाला पोटाशी आवळून धरलेली आमची बायको.

सगळे जिवंत आहेत एवढं कळल्यावर मी श्वास सोडला. सायबांनीही सोडला, आणि ते पुढं झुकले. "किसकी गाड़ी है यह?"

गाडीवरून बायकोचा आवाज आला, "तुमच्या बाजूले बसले न, त्याईचीच हाय!"

सायबांनी माझ्याकडे बघितलं, मग जात्याकडे. "रोडगे करने चक्की लेकर जाते हैं?"

उत्तर द्यायला मला वेळच मिळाला नाही. कारण मागून उरलेली गल्ली आली होती. सखाराम हाकत आणत होता! गाड्या, म्हशी, शेळ्या, बाजा, पेट्या, कणग्या. उतारामुळं गाड्या मागं सरेनात. भिंतीमुळं मागच्यांना पुढं काय अडलं ते दिसेना, आणि ते अजून पुढंच रेटत राहिले. मोटारीवर शेळी चढली. "काऊन थांबले बे?" "तुह्या मायचा रस्ता हाय काय?" "पिलेग हाय का नाई एक काय थे सांगा!" मी एवढ्या जोरात खोकलो, की तो शब्द सायबांना ऐकू गेला नाही. गेला असेल तर त्यांनी उपकार म्हणून सोडला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत सायब अडकले होते. शेवटी ते उतरले, भिंतीच्या अलीकडून बघितलं, पलीकडून बघितलं, फुटक्या दिव्याकडे बघितलं, आणि वहीतलं मघाचं पान टरकन फाडलं.

आठ दिवसांत हुकूम आला. एक, भिंत तात्काळ पाडावी. करीमचाचांनी त्या दिवशी साऱ्या गल्लीला गूळ वाटला आणि हलिमा कोपऱ्यावरून वळताना मागं बघून हात हलवायला लागली. ते मी डायरीत तीनदा लिहिलं आहे.

पण हुकुमाला कलम दोन होतं. सरकारी मोटारीचा रस्ता अडवल्याबद्दल त्या पहिल्या गाडीच्या मालकाला त्या वॉर्डाच्या मेंबरनं नोटीस बजावावी.

आता मालक मी, मेंबर मी. रीत म्हणजे रीत. नोटीस मी लिहिली, मी सही केली, मीच मला बजावली. तिची एक प्रत दारावर चिकटवायचा नियम. मी खळ केली आणि भर सकाळी, गेरूची फुली पुसून जिथं डाग राहिला होता तिथंच कागद लावायला घेतला.

मागं खडखड ऐकू आली. बघतो तर बायको गाद्यांची वळकटी बाहेर काढत होती.

"काऊन व? आता कोठी चालली?"

ती गाठ मारता मारता म्हणाली, "माह्यं काय इचारता? तुमी दाराले काही लावलं, का मी सामान बांधतो!"