चार रंगांचा कुल्ला

यंत्र बिघडत नसते, ते आजारी पडते, यावर पूर्ण श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो देऊळघाटात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शाळेतून बाबू म्हणून निवृत्त झालेले हे काका थंडीत सायकलच्या सीटवर जुनी कानटोपी चढवत, भिंतीवरचे घड्याळ मागे पडू लागले की सेल काढून त्याला दोन दिवस 'आराम' देत, आणि पंखा कुरकुरला तर त्याच्याखाली उभे राहून हळू आवाजात त्याची विचारपूस करत. पण खरा जीव होता तो रंगीत प्रिंटरवर. जुना झाला म्हणून मुलीने टाकायला काढलेला तो प्रिंटर त्यांनी पुण्याहून मांडीवर बसवून आणला, आणि तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्यासारखा सांभाळला.

असा शाईचा प्रिंटर पडून राहिला की त्याची बारीक भोके वाळून बुजतात, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यामुळे रोज सकाळी स्वतःचे दात घासून झाले की काका प्रिंटरच्या साफसफाईची कळ दाबत. आधी घरघर, मग खाकरणे, मग काहीतरी गिळल्यासारखा आवाज. याला ते 'कुल्ला' म्हणत. "माणसाले लागते, तं याले काऊन नाही?" कुल्ल्यानंतर तपासणीचे एक पान निघे. त्यावर काळ्या, निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या रेघांची जाळी असे. एखादी रेघ तुटली, की तो रंग 'रुसला'. हे पान दारात जो पहिला येईल त्याच्या हातावर प्रसादासारखे पडे. दूधवाल्याकडे थप्पी जमली होती. मी पुस्तकात डोके घालून बसणारा, म्हणून माझ्याकडे त्यांच्या खुणा झाल्या. आजही कोणतेही पुस्तक उघडले की आतून चार रंग डोकावतात. घरातल्या माणसाला मात्र पान मिळत नसे. "तिले कायले? ते तं रोजच पाह्यते," असे ते म्हणत, आणि काकू ओट्यापाशी नुसती मान हलवत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी प्रिंटरवरचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले आणि तो कुल्ला घेईना. आम्ही दोघे एसटीने मलकापूरला निघालो. राजूर घाटाच्या प्रत्येक वळणावर काका मांडीवरच्या गाठोड्याला छातीशी धरत. कंडक्टरने विचारले, "काय हाय काका यात?"

"पेशंट."

मलकापूरच्या मेकॅनिकने प्रिंटर उलटा करून खालचे झाकण काढले. "काका, कितीकदा साफ करता हो याले?"

"रोज. एक दिवस खाडा नाही."

"अन् ती शाई जाते कुठं?"

काकांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता. मेकॅनिकने चिमट्याने आतून एक काळाकुट्ट, निथळणारा स्पंज ओढून काढला. "कुल्ला कराले लावता अन् थुंकी त्यालेच गिळाले लावता! पोट भरलं न त्याचं. तुमच्या सेवेनंच गेला हा. आता नवा घ्या."

परतताना काकांच्या मांडीवर गाठोडे होते आणि हातात पिशवीत घातलेला तो स्पंज. मोताळा आल्यावर म्हणाले, "म्हणजे मीच…" आणि थांबले. घाट चढू लागल्यावर एकदम ताठ बसले. "लेका, हा धुतला तं?"

चार दिवस अंगणातल्या नळाखाली तो स्पंज धुणे चालले होते. पाणी काळे वाहिले, मग निळे, शेवटी गुलाबीसर. काकांनी तो दोरीवर चिमटे लावून वाळत घातला आणि मला हाक मारली. "चार रंग आत गेले, अन् झाला काळाच. काऊन असं? तू पुस्तकात पाहून सांगजो." मी हो म्हणालो. स्पंज वाळण्याआधीच एका दुपारी काका झोपले ते उठलेच नाहीत. उत्तर माझ्यापाशीच राहिले.

तेरवीनंतर आठवड्याने भंगारवाला दारात आला तेव्हा काकूंनी मला बोलावले. "बापू, हा प्रिंटर देऊ का याले? मले तं यातलं काही समजत नाही. तूच सांग."

भंगारवाल्याला जरा थांबायला सांगून मी अंगणात गेलो. स्पंज अजून दोरीवरच होता, कडक होऊन. तो काढून आत प्रिंटरमध्ये जागेवर बसवला. मेकॅनिकला फोन लावला, स्पंज धुतलाय म्हणालो. कोणत्या कळा एकत्र दाबल्या म्हणजे प्रिंटर आपल्या भरलेल्या पोटाचा हिशेब विसरतो, ते त्याने सांगितले. दिवे शांत झाले. मग मात्र बोट थबकले. कुल्ला नाही केला तर तोंड वाळते, केला तर पोट भरते. काकांना हे घाटात कळले होते, आणि तरी ते नळाखाली बसले होते. मी कळ दाबली.

घरघर, खाकरणे, गिळणे. पान आले. दारात काकू चहा घेऊन उभ्या होत्या. दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी कप खाली ठेवला आणि पान उजेडासमोर धरले, अगदी काकांसारखे तिरपे.

"पिवळा रुसला," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा कळेकडे हात नेला.

"राहू दे. एका दिवसात लय कुल्ले नको." बाहेर जाऊन त्यांनी भंगारवाल्याला वाटेला लावले आणि परत येऊन पानाची घडी केली. "उद्या येजो सकायी. दात घासून."