अतिबलेचा शिक्का

“बाई, पिवळं फूल दाखवा. नाहीतर माल परत.”

कळंबा तलावाच्या काठी आमचे मॅनेजर छत्री रोखून मला म्हणाले. समोर माझ्या खांद्याइतकी उंच झुडपं दाटीनं उभी होती आणि एकावरही फूल नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आयुर्वेदिक औषधांच्या एका कारखान्यात मी वनस्पती तपासायचे. शिवाजी पेठेतले दस्तगीरभाई त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आम्हाला वनौषधी पुरवत. या खेपेला त्यांनी अतिबलेची मुळं आणली होती. अतिबला म्हणजे माळावर आपोआप वाढणारं, वर्षानुवर्षं टिकणारं, पिवळ्या फुलांचं झुडूप. लोक तण म्हणून उपटून टाकतात. मुळं मात्र सगळी सारखीच दिसतात. म्हणून नियम असा की, जिथं खणलं तिथली फुलासकट फांदी सॅम्पल म्हणून ठेवायची. मॅनेजर आदल्या दिवशी सकाळी स्वतः येऊन गेले होते. फूल दिसलं नाही. झालं, दस्तगीरभाई भलताच माल देतात असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

“साहेब, हितलंच खणलंय की. खोटं कशाला बोलू?” दस्तगीरभाई म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, “बाई, माल परत गेला तर पेठेत कोण दारात उभं करणार न्हाय मला.”

मी पान चोळून पाहिलं. मखमलीसारखं मऊ. फळ गोल, चाकासारखं, कडेनं खाचा.

“सर, ही अतिबलाच.”

“फूल?”

अस्सा राग आला! पण नियम नियमच. मी तशीच खाली बसले, तर झुडपाच्या बुडाशी सुकलेली पिवळट फुलं पडलेली. वर कळ्या टपोऱ्या, टोकाला पिवळी रेघ. म्हणजे फुलं येत होती, फक्त आम्ही असताना नाही. साहेब काल सकाळी आले, आज आम्हीही सकाळीच आलो होतो.

“सर, थांबू या.”

“किती वेळ?”

“फुलेपर्यंत.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि छत्रीखाली बसले. दस्तगीरभाईंनी डबा सोडला. नको नको म्हणत साहेबांनी त्यातला झुणका चाटूनपुसून खाल्ला. मी कळ्यांवरची नजर हलवली नाही.

ऊन कललं. एक कळी सैल झाली. मग शेजारची. बघता बघता सगळा काठ पिवळाधमक! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

“उघडली की ओ बाई!” दस्तगीरभाईंचा आवाज पार पलीकडच्या काठाला गेला असेल.

साहेबांनी एक फूल उलटसुलट करून पाहिलं. “पास. शिक्का ऑफिसात मारतो.”

“ऑफिसात कशाला? ह्या झाडाला मुद्राच म्हंत्यात, साहेब.” दस्तगीरभाईंनी एक भरलेलं फळ तोडलं, काठच्या चिखलात दाबलं आणि सॅम्पल गुंडाळलेल्या कागदावर उमटवलं. गोल, नक्षीदार शिक्का! साहेब पहिल्यांदाच हसले आणि त्याच्याखाली सही केली.

पुढं लॅबमध्ये नवीन कोणी आलं की मी एवढंच सांगायचे: झाडाला भेटायचं तर त्याच्या ऑफिसच्या वेळेत जावं, आपल्या नव्हे.