द्रोणाच्या काड्या

रोवणी आटोपली आणि मी सासूबाईंना परत आणायला चंद्रपूरला गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या धाकट्या मुलाकडे गेल्या होत्या. डोळा कधीचाच बरा झाला, पण त्या परतायचं नाव घेईनात. फोनवर विचारलं की म्हणायच्या, येतो ना, घाई काय आहे. आमचं गाव सिंदेवाहीकडचं, धानाचं. तिथे मोठी सून म्हणून लग्न झाल्यापासून त्यांचं सगळं मीच करत आले. आता नळावर बाया मला विचारायच्या, म्हातारी धाकटीकडेच राहणार का म्हणून. ते झोंबायचं. पण खरं झोंबायचं ते सासूबाई फोनवर धाकटीचं जे कौतुक करायच्या ते. माझ्या हातच्या भाजीला त्यांनी इतक्या वर्षांत कधी बरं म्हटलं नव्हतं. तिच्याकडच्या साध्या खिचडीचंही मला वर्णन ऐकावं लागायचं.

त्यांना घेऊनच परतायचं, असं मी नवऱ्याला सांगून निघाले होते. रिकाम्या हाताने आले असते तर मला गावात तोंड दाखवायची लाज वाटली असती.

माझा दीर कोळशाच्या खाणीत इंजिनिअर. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा नवा फ्लॅट. जावेचं स्वयंपाकघर पाहिलं आणि मी दारातच थबकले. काळा चकचकीत ओटा, ओढले की आवाज न करता सरकणारे कप्पे, आणि सिंकखाली एक गोल डबा. क्रशर, ती म्हणाली. उष्टं-खरकटं सिंकच्या भोकात टाकायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. आतली चकती फिरते, सगळं बारीक होऊन पाण्याबरोबर निघून जातं. माझ्याकडे खरकट्याची बादली असते आणि ती दोन्ही वेळा मीच गोठ्यात नेते. मी म्हटलं, छान आहे. मनात म्हटलं, बंद पडो मेलं.

सासूबाई मात्र त्या मशीनच्या प्रेमातच होत्या. सगळं खाते हे, काही म्हणजे काही ठेवत नाही, असं त्या मला अशा कौतुकाने सांगत होत्या की जणू त्यांनीच ते पाळलं होतं. त्या धाकटीचा हात धरून बसल्या, तिच्या हातचा चहा पिऊन वा म्हणाल्या. धाकटी नुसती हसली. मला ते हसणं मानभावी वाटलं. गावाला चला हा विषय मी संध्याकाळी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यात औषध घालायचं आठवल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणं झाल्यावर जावेने बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, मग नुसतंच गुं गुं करू लागलं आणि खट्ट होऊन गप्प झालं. सिंकमध्ये भाताचं पाणी तुंबलं.

मला आनंद झाला, आणि तो चांगलाच झाला. आता ही घाबरेल, नवऱ्याला फोन करेल, तो खाणीतून येऊ शकणार नाही, मग सिंक दिवसभर वास मारेल. सासूबाई पाहतील. मी पदर खोचून जवळ जाऊन उभी राहिले. मदतीला म्हणून नाही, जवळून दिसावं म्हणून.

पण धाकटी घाबरली नाही. तिने बटण बंद केलं, नळ बंद केला, आणि खाली वाकून क्रशरचा प्लगच भिंतीतून काढून ओट्यावर ठेवला. बटण चुकून कोणाचा हात लागून चालू होऊ शकते, प्लग हातात असला की भीती नाही, म्हणाली. वाटीने पाणी उपसलं. मी म्हटलं, हात घालून पाह्य ना, काय अडकलं ते. ती म्हणाली, हात नाही घालत बाई यात कधीच. प्लग काढला तरी नाही.

मग तिने कप्प्यातून एक वाकडी चावी काढली. डब्याच्या बुडाला मधोमध एक भोक असतं, त्यात ती बसवली आणि इकडे तिकडे हलवू लागली. आधी चावी जागची हलेना. तिने जोर न करता थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी फिरवली, हळूहळू आतली चकती मोकळी होत गेली. मग मला मोबाइलची बॅटरी लावून धरायला सांगितली आणि सांडशी भोकात घालून एकेक वस्तू काढू लागली. केस बांधलेले, कपाळावर घाम नाही. इतकी शांत बाई मला त्या क्षणी अजिबात सहन झाली नाही.

सांडशीत पहिल्यांदा पानाचा चोथा आला. मग एक बांबूची बारीक काडी. मग आणखी. मग गुंताच.

त्या काड्या मी लगेच ओळखल्या. सासूबाई गावाहून येताना पळसाच्या वाळक्या पानांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. जेवायच्या आधी गाईचा घास काढायचा, ही त्यांची जन्माची रीत. पळसाच्या पानाचा लहानसा द्रोण, बांबूच्या काडीने टाचलेला, त्यात पहिलं वाढप. आमच्याकडे तो द्रोण गाय पानासकट खाते. इथे तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली? धाकटीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उरलंसुरलं यात टाका आई, हे सगळं खाते. सासूबाईंनी ते मनावर घेतलं आणि रोज पहिला घास, द्रोणासकट, मशीनला देत राहिल्या. पान दळलं जायचं. काड्या तळाशी साचत गेल्या.

जावेने त्या काड्या ताटलीत ठेवल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ताटलीकडे बराच वेळ पाहिलं. चेहरा उतरला होता, पण तो मशीनसाठी नाही हे त्या बोलल्यावर कळलं.

"गाईच्या पोटातही गेल्या असतीन का वं अशा? इतके वर्ष मीच चारल्या तिले?"

धाकटी माझ्याकडे पाहू लागली. खरं तर गोठ्यात मी त्या काड्यांचं काय करते, याचा कधी उच्चारही केला नव्हता. केलाच असता तर, माझ्यापेक्षा तुले जास्त समजते का, हेच ऐकलं असतं.

"नाई गेल्या," मी म्हटलं. "गोठ्यात नेताना मी काडी काढून घेत होतो. रोज."

"सांगतलं नाई काऊन मले?"

मी ताटलीतल्या काड्या गोळा करू लागले. त्यांनी हात जोडल्यासारखे केले, मला की कोणाला ते कळलं नाही, आणि त्या गॅलरीत जाऊन बसल्या.

धाकटी तेवढ्यात डब्याच्या बुडाचं, मशीन अडकलं की बाहेर येणारं लाल बटण दाबून, प्लग लावून, नळ सोडून मशीन चालवून पाहत होती. ते सुरळीत फिरलं. तिने हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

"बाई, तुमाले वाटत असन मी लय सुखात आहो. आई माझ्या हातचं जेवतेत आणि रोज तुमच्याच भाजीची गोष्ट काढतेत. मोठीच्या हातच्या वास्त्याले जी चव, ते तुले नाई येणार म्हणतेत. मले एकदा तरी बरं झालं म्हणतलं असतं."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते मी चिरून, आंबवून, उकळून करते, आणि सासूबाई ते खाली मान घालून खातात आणि ताट सरकवतात.

"खरं?" मी विचारलं.

ती मान हलवून ताटं पुसू लागली. तिच्यावरचा राग थोडा निवळला, पण पूर्ण गेला नाही. माझं कौतुक मला नाही, तिला ऐकायला मिळत होतं, हे मला तिच्या काळ्या ओट्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दुपारी सासूबाई स्वतःच पिशवी भरू लागल्या. म्हणाल्या, चाल, गाईले पाह्यतो. मी जिंकले होते. जावेने डबा भरून दिला, जिन्यापर्यंत आली, त्यांच्या पाया पडली. बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि म्हटलं, आता नळावरच्या बाया पाहतील.

वाटेतलं मूल गाव यायच्या आधीच सासूबाई बोलायला लागल्या. धाकटीने दिलेला डबा कसा नीट बांधला आहे. ती किती कमी बोलते. मशीन अडकलं तर तोंडातून ब्र नाही. घरी पोचेपर्यंत तेच. जेवायला आधीच आंबवून ठेवलेल्या वास्त्याची भाजी केली होती. त्यांनी खाली मान घालून खाल्ली आणि ताट सरकवलं. पहिला द्रोण त्यांनी स्वतः नेऊन गाईला दिला. काडी काढून.

चार दिवसांनी आमचं चारा कापायचं कुट्टी मशीन अडकलं. ओला चारा आत गेला होता. मी बटण बंद केलं आणि सवयीने हात पुढे केला.

"थांब," सासूबाई मागून म्हणाल्या. "आधी पिलग काढ. धाकटी पाह्य कशी करते. हात घालत नाई ते."

मी प्लग काढला. काठीने चारा ओढून काढताना माझा नुसता जळफळाट होत होता, आणि त्या वेळी चंद्रपूरच्या त्या स्वच्छ स्वयंपाकघरात ती एकटी काय करत असेल हेही डोक्यात येत होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आई कशा आहेत, औषध घालतात का, जेवतात का. मग जरा थांबून, काही म्हणतेत का, असं विचारलं. सासूबाई अंगणात पानं टाचत होत्या, त्यांना ऐकू जाणार नव्हतं. 'नाही' म्हणून टाकणं मला काहीच अवघड नव्हतं.

"तुझंच नाव घेऊन राह्यल्या," मी म्हटलं. "दिवसभर."

मग ती म्हणाली, "खरं?"

माझ्यासारखंच. तसंच हळू. हो, खरं, मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या वाटलं, उगाच सांगितलं.