चावलेला भात

बुआलाय, तुला वाचायचा कंटाळा, म्हणून बोलल्यासारखंच लिहिते. आधी सांगून टाकते, मी तुझ्यावर चिडले आहे. सव्वीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, आणि दाढ दुखते का विचारलं तर म्हणतेस, "आता नाही दुखत." दुखत नाही म्हणजे बरी झाली असं नव्हे गं, मेली ती! असो. तुला न ओळखणारेही हे वाचतील, तेव्हा यापुढे तुला "ती" म्हणते.

थायलंडातल्या मून नदीकाठच्या आमच्या गावात बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की आई चिकट तांदळाचा भात तोंडात घेते, बारीक चावते, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजते आणि त्याला भरवते. बुआलायचा हात, म्हणजे खरं तर जबडा, यात फार चांगला. भाताला गोडी सुटेपर्यंत ती चावत राही. थोरली फायोम याच भातावर वाढली. बुआलायच्या दाढांना तेव्हाच चार खड्डे होते. एक बाजू ठणकली की ती दुसरीने चावी.

तीन वर्षांची फायोम हसली की काळे खुंट दिसत. "दुधाचेच आहेत, पडायचेच," सगळे म्हणाले. बुआलायही म्हणाली. मग पोरीचा गाल सुजला आणि तालुक्याच्या इस्पितळात एका सकाळी चार दात काढावे लागले. पोर किंचाळली, नंतर भूल चढलेला स्वतःचा ओठ चावत बसली. बुआलाय तिचे हात धरून भिंतीकडे बघत होती. आपल्याला काहीच वाटलं नाही, असं ती पुढे म्हणाली. ते खरंच असावं.

तेव्हा तिला सातवा महिना होता. दातांची नर्स सुपिन आडपडदा न ठेवणारी.

"काय गं, ही कीड पोरीला कुठून लागली?"

"गोड गोळ्या खाते."

"गोळ्या मागाहून. कीड लावणारे जंतू तुझ्या दाढांत बसलेत, ते भाताबरोबर तिच्या तोंडात गेले. पोटातल्याला तरी वाचव. स्वतःच्या दाढा नीट करून घे, आणि चावलेला भात बंद."

"बरं," बुआलाय म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणते.

मुलगा झाला, साखोन. तो घास घेण्याएवढा झाल्यावर तिने भात खलबत्त्यात कुटला, पानात भाजला. त्याने थुंकून टाकला. तीन दिवस तेच. नवरा बँकॉकला इमारतीच्या कामावर, घरात फक्त तिची आई तोंगसी, तोंडात पानाचा विडा आणि एकही दात नाही.

"तुला काय गिरणीतून दळून आणून भरवलं होतं?" म्हातारी कडाडली.

"म्हणून तर माझ्या दाढा अशा."

"मोठी आली डॉक्टरीण! मला दात असते तर तुझी मिनतवारी केली नसती."

"असतील विड्यात कुठेतरी. शोध."

मायलेकी हसल्या. साखोन भुकेने रडतच होता. बुआलायने टोपलीतून भाताचा गोळा उचलला, तोंडात टाकला आणि चावू लागली. त्याने तो घास मुकाट्याने खाल्ला.

चार दिवसांनी ती माझ्याकडे, तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंकडे, आली.

"बाई, बुधवारी इस्पितळात दाढा भरून देतात. कागद भरायचे असतात, मला तिथे बोलायला सुचत नाही. येता का बरोबर? एकदा दाढा भरल्या की निर्धास्त चावून भरवता येईल."

सुपिनच्या बोलण्यातलं निम्मंच हिच्या डोक्यात शिरलं होतं. पण निम्मं तरी शिरलं होतं. येते, म्हटलं.

पहिल्या बुधवारी विहारात माझ्या भाच्याचा दीक्षाविधी निघाला. दुसऱ्या बुधवारी माझा गुडघा. तिसऱ्या बुधवारी ती आली नाही, मीही बोलावणं धाडलं नाही.

परवा तिच्या अंगणातून गेले. साखोनचे वरचे दोन दात आलेत, हिरडीलगत खडूसारखी पांढुरकी रेघ, किडीची पहिली खूण. बुआलाय त्याच्यासाठी भात चावतच होती. तिने मला पाट दिला. इस्पितळाचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. वार बुधवारच होता.