नलूमावशींची शाब्ली

नलूमावशींनी माझ्याकडे नीट पाहायच्या आधी माझा वास घेतला. न्यूयॉर्कपासून तासाभरावरच्या वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या घराच्या दारात मी बॅगा घेऊन उभी होते आणि त्या मान पुढे काढून म्हणाल्या, "विमानातली कॉफी, खोबरेल आणि... जवसाची चटणी! नागपूरकडची का गं?" मी हो म्हणेपर्यंत बॅग उघडली गेली होती आणि चटणी ओट्यावर पोचली होती.

मी पीएचडीसाठी आले होते, त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहणार होते. मावशी सत्तरीला टेकलेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी अनुया न्यूयॉर्कला नोकरीत. मावशींची सगळी नोकरी एका इसेन्स बनवणाऱ्या कंपनीत गेली. बिस्किटातलं केळं, साबणातला गुलाब, हे सगळं त्यांच्या नाकाखालून गेलेलं. "आयुष्यभर खोटे वास बनवले गं," त्या म्हणायच्या, "आता खऱ्यांचे लाड करते."

खऱ्यांमध्ये पहिला मान शाब्लीचा. शाब्ली हे फ्रान्समधलं गाव आणि तिथल्या पांढऱ्या ड्राय वाइनचंही तेच नाव. शुक्रवारी संध्याकाळी मावशी बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवायच्या आणि मला हात लावू द्यायच्या नाहीत. "जरा टेकू दे तिला. गारठलेलं माणूस बोलतं का कधी?"

पहिला घोट घेतला तेव्हा माझं तोंड वाकडं झालं. "मावशी, आंबट आहे हो!"

"आंबट नाही, स्पष्टवक्ती आहे. ड्राय म्हणजे साखर उरू दिलेली नाही, त्यामुळे लपायला जागाच नाही तिला. एखादी आत्या असते ना, आल्या आल्या 'किती वाळलीस' म्हणून टोकणारी आणि निघताना डबा भरून देणारी? तशी आहे ही. आता गरम कोथिंबीरवडी खा आणि मग घे."

मी वडी खाल्ली, मग घोट घेतला. तेलाचा तवंग जिभेवरून पुसला गेला, कोथिंबीर पुन्हा हिरवी झाली, हिरव्या सफरचंदाची चव आली, मग लिंबाच्या सालीची, आणि शेवटी कुठेतरी खारट, स्वच्छ असं काहीतरी रेंगाळत राहिलं. मी ग्लास पुढे केला. मावशींनी टाळी वाजवली. "आत्यानं डबा दिला!"

दुसऱ्या हिवाळ्यात मावशींना ताप आला. साधाच, आठवड्यात उतरला. मग एका सकाळी मी खाली आले तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. कढईतली फोडणी जळून कोळसा झाली होती आणि मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून शांतपणे कांदा चिरत होत्या.

"मावशी, जळतंय!"

त्या वळल्या. कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वास नाही आला," त्या म्हणाल्या. आवाज एवढा बारीक, की मलाच भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. रोज लवंग, कॉफी, लिंबू हुंगायला सांगितलं. मावशी शाळेतल्या मुलीसारख्या डोळे मिटून हुंगायच्या आणि मान हलवायच्या. चव तर गेलीच होती. भाजीत मीठ मी बघायचे. शाब्लीचे ग्लास त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिले. "शुक्रवार कॅन्सल केले गं," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात अनुया घरी आली. घरामागच्या लाकडी डेकवर जेवायला बसलो. तिनं माझ्यासाठी शाब्ली ओतली, मावशींच्या ग्लासात पाणी. लोणच्याची बरणी घ्यायला मावशी माझ्या ग्लासावरून वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"पाटी कोण पुसतंय इथे?"

"What, Aai?"

"पाटी! शाळेतली ओली दगडी पाटी!" त्यांनी माझा ग्लास ओढून घेतला आणि नाक आत घातलं. पुन्हा. पुन्हा. नाकाच्या शेंड्याला वाइन लागली. मग खुर्ची मागे पाडून त्या घरात पळाल्या. गुडघे दुखतात ही गोष्टच विसरल्या. हिंगाची डबी, बुटांचं कपाट, टूथपेस्ट, मिक्सरचं भांडं, सगळं हुंगत, "आलं गं! आलं!" ओरडत. शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणातून बघत होता, तर त्यालाही जाऊन हुंगून आल्या. "Aai, you're crazy!" अनुया हसून बेजार. माझ्या डोक्याशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "केस कधी धुतलेस शेवटचे?" शेवटी लेकीच्या मानेत नाक खुपसलं आणि तिथेच राहिल्या. "तान्ही होतीस तेव्हाचाच वास आहे गं," एवढं म्हणाल्या. मग दोघीही हसत होत्या की रडत होत्या, ते सांगणं कठीण.

डिग्री संपली आणि मला चार तासांवरच्या हर्नडनला नोकरी लागली. निघताना मावशींनी स्वेटरात गुंडाळलेली एक शाब्ली हातात ठेवली. "एकटीनं पिऊ नकोस. कोणी नसेल तर शेजारची बेल वाजव."

महिनाभर ती माझ्या फ्रीजमध्ये पडून होती. शेजारी कोण राहतं हेही मला ठाऊक नव्हतं. एका शनिवारी संध्याकाळी मी बेल वाजवली. केसांना मेंदी लावलेल्या, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेल्या एका बाईंनी दार उघडलं. मी बाटली दाखवली. त्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "ग्लास नाहीत माझ्याकडे. कॉफीचे मग चालतील?"

मी मावशींना व्हिडिओ कॉल लावला.

"मगमध्ये? शाब्ली?" मावशी किंचाळल्या. मग चष्मा सावरून, स्क्रीनला नाक टेकवत म्हणाल्या, "बरं, दोघी आधी नाक घाला आत. आणि मला सांगा कसला वास येतोय!"